सुई मारली, पुढे काय?

गेल्या पावसाळ्यात उजवा खांदा धरला. शर्टाची बाही चढवताना जीव जायचा. गेलो एका फिजिओथेरपीच्या दवाखान्यात. हात किती वर जातो, मागे कुठवर पोचतो, हे कुणीच बघितलं नाही. आधी दहा सिटिंगांचं पॅकेज सांगितलं, मग थेट सुया. संताप त्याचा आहे, सुईचा नाही.

सुया टोचायची ही ड्राय नीडलिंग पद्धत टाकाऊ नाही. सुई बारीक, साधारण पाव मिलिमीटर जाडीची. तिच्यात औषध नसतं, म्हणून ती 'ड्राय'. अमेरिकेत डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल (याच पुढे केनेडींच्या काळात व्हाइट हाउसच्या डॉक्टर झाल्या) स्नायूतल्या दुखऱ्या गाठींत औषध टोचत. १९७९ साली प्रागच्या डॉ. कारेल लेविट यांनी दाखवलं की नुसतं टोचण्यानंही उतार पडतो. सुई नेमकी अशा गाठीवर, म्हणजे ट्रिगर पॉइंटवर, लागली की स्नायू क्षणभर फडकतो आणि बऱ्याचदा सैलावतो.

पण हा आराम बहुधा काही दिवसांचा, फार तर काही आठवड्यांचा. खांद्यात ताकद सुईने येत नाही, ती व्यायामानेच येते. दुखणं कमी असतं तेच दिवस व्यायामाचे, आणि नेमके तेच आपल्याकडे पुढच्या सिटिंगची वाट बघण्यात जातात. व्यायाम न शिकवता सुया विकणं ही रुग्णाची फसवणूक आहे.

शिवाय प्रत्येक खांदा स्नायूमुळे दुखत नाही. मधुमेह्यांचा खांदा आखडतो तो सांध्याच्या आवरणामुळे. डावा खांदा भरून आला आणि घाम फुटला, तर आधी ईसीजी. म्हणूनच आधी तपासणी हवी.

आणि धोका? मानेपासून खांद्याकडे उतरणाऱ्या ट्रॅपिझियस स्नायूच्या खालीच फुप्फुसाचं टोक असतं, कॉलर बोनच्याही वर आलेलं. सडपातळ माणसात तर अंतर फारच थोडं. २०१३ साली अमेरिकेचा तरुण स्कीपटू टॉरिन येटर-वॉलेस याच्या फुप्फुसाला अशाच उपचारात सुई लागली आणि ते आकसलं. असं क्वचित घडतं, पण सुई टोचून घेणाऱ्याला ते आधी सांगायलाच हवं. महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टची नोंदणी करणारी परिषद आहे. नोंदणी क्रमांक विचारा, विचारताना संकोच नको.

मी तीन सिटिंगांनंतर जागा बदलली. नव्या बाईंनी अर्धा तास नुसता हात फिरवून बघितला. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, विचारलं. मग पालथं झोपवून स्नायू चिमटीत उचलला आणि दोनच ठिकाणी सुई टोचली. "धाप लागली, छातीत दुखलं तर थांबू नका, लगेच हॉस्पिटल गाठा," म्हणाल्या. निघताना हातात रबरी पट्टा दिला. "रोज दोनदा ओढायचा. सुई पुन्हा लागेलच असं नाही."