जत्रेतलं टाकीज

"अक्का, आयकलं का? पिंजरातली संध्या गेली म्हणं, 4 ऑक्टोबर 2025 ला."

"आयकलं की. नातीनं मोबाइलात दाखवलं. अगं, पिंजरा निघाला 1972 ला, मोठ्या दुष्काळात. आपल्या जत्रेत आला तवा माझी थोरली चालाय लागली होती. पिक्चरबी एसटीच्या टपावर बसूनच यायचा, पत्र्याच्या पेटीत. येईस्तोवर निम्मा घासलेला!"

"शिळाच म्हणायचा मग."

"आपल्याला ताजाच. चैत लागला की तंबूवाला हजर. धारूर, केज, वडवणीची माणसं ऊसतोडीवरून माघारी आलेली असायची, हातात चार पैसं. त्यानं तिथी बघूनच कनात ठोकलेली. अन् जनरेटरचा आवाज असा, की निळूभाऊ फुले काय बोलतोय ते तोंडाकडं बघून वळखायचं."

"त्याला तर बाया शिव्या द्यायच्या."

"शिव्या? सामना पिक्चरात कारखान्याचा मालक झालता, तर आमच्या सासूबाई बोटं मोडीत उठल्या! उचल घेऊन ऊस तोडलेली बाई ती, तिला तो पिक्चर वाटलाच नाई. खरा माणूस सेवादलातला, साधासुधा. 2009 ला गेला, तवाबी म्हातारी म्हणली, बरं झालं."

"अय्यो! अन् दादा कोंडके?"

"दादा गेले 14 मार्च 1998 ला. चौदा दिवसांनी पाडवा. त्या जत्रेत तंबूवाल्यानं सोंगाड्या लावला, 1971 चा. सुरवातीला सगळी गप. मग ती लोंबती नाडी दिसली अन् अशा शिट्ट्या पडल्या, की मेलाय कोण अन् रडायचं कुणी!"

"आमचा धाकला मुंबईला होता ना, तो सांगायचा, बांद्र्याला मोटारीत बसून पिक्चर बघायचं मैदान होतं. 1977 ला निघालं, 2003 ला बंद."

"त्यात काय नवल? आपली पोरं पडद्यामागं बैलगाडीत बसून फुकट बघायची. उलटं दिसायचं, दादा डावखुरा! मोटारवाल्यांचं मैदान मोडलं तर पेपरात आलं असंल. आपला तंबू कधी मोडला, कुणी इचारलं?"

"टीव्हीनं मोडला."

"टीव्ही, व्हिडिओ, डिश, सगळ्यांनी थोडा थोडा. पण मान मोडली रिळं बंद झाली तवा. नवं डिजिटल मशीन लाखांचं, जत्रेवर जगणाऱ्यानं कुठून आणायचं? रिळाचं मशीन भंगारात किलोवर. या तंबूवाल्यांवर द सिनेमा ट्रॅव्हलर्स नावाचा पिक्चर निघाला, 2016 ला फ्रान्सात, कानला दाखवला. गोऱ्या लोकांनी तंबू बघितला, अन् माझ्या नातीला सांगितलं तर ती म्हणती, आजी, एसी होता का?"

"एसी! आपल्याला तर मधी दोरी होती, बाया इकडं अन् गडी तिकडं."

"त्या दोरीचं नाव काढू नको."

"कामून?"

"आमच्या मालकानं मला पयल्यांदा तिथंच बघितलं. दोरीपल्याडून."

"अगं बाई! अन् सगळ्यांना सांगत्यात, पाहण्याच्या दिवशीच बघितली म्हणून? पिक्चर कोणता होता?"

"पिक्चर कुणी बघितला गं!"