बेरोजगाराच्या रजेचा प्रश्न

म्युनिक, कार्तिक वद्य पंचमी

तीर्थरूप बाबा व तीर्थरूप सौ. आई यांचे चरणी म्युनिक मुक्कामीचे चिरंजीव, सूनबाई व नात यांचा शिरसाष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

पत्रास कारण की, मार्गशीर्षात भोपाळ येथे होऊ घातलेल्या चुलत भगिनीच्या विवाहास चिरंजीवांचे येणे का होत नाही, याविषयी साकेत नगरातील घरी, अरेरा कॉलनीतील काकूंकडे आणि काकूंच्या कृपेने नातलगांच्या संपूर्ण व्हॉट्सॲप समूहात एक गृहीतक रूढ झाले असून, ते पद्धतशीरपणे तपासणे आवश्यक ठरले आहे. ते गृहीतक असे, की ज्याला नोकरी नाही त्याला काम नाही, ज्याला काम नाही त्याला वेळच वेळ आहे, आणि ज्याला वेळच वेळ आहे त्याने लग्नाच्या आठ दिवस आधी येऊन मांडववाल्याशी भांडावे. यातील पहिलीच पायरी जर्मनीत टिकत नाही, म्हणून पुढच्या दोन्ही कोसळतात. एरवी काकूंचे तर्कशास्त्र निर्दोष आहे.

जर्मनीच्या सामाजिक संहितेच्या तिसऱ्या ग्रंथात बेरोजगार कोणास म्हणावे हे तीन अटींनी ठरविले आहे. पहिली अट, त्या व्यक्तीस नोकरी नसावी. दुसरी, ती अवस्था संपविण्यासाठी ती व्यक्ती स्वतः प्रयत्न करीत असावी. आणि तिसरी, रोजगार कार्यालयाने काम सुचविल्यास ते स्वीकारण्यास ती उपलब्ध असावी. याचा अर्थ असा, की जो मनुष्य नोकरी गमावून गादीवर स्वस्थ पडून राहिला आहे तो कायद्याच्या दृष्टीने बेरोजगार ठरतच नाही, तो नुसताच घरी असतो. बेरोजगार ही येथे एक पदवी असून ती टिकविण्यासाठी नियमित परिश्रम लागतात. चिरंजीव ज्या कंपनीत होते तिने आपला विभाग दुसऱ्या देशात हलविल्यापासून ते पूर्वीपेक्षा लवकर उठतात, अशी सूनबाईंची नोंद आहे.

या परिश्रमांचा मोबदला म्हणून जे मिळते त्यास आर्बाइट्सलोझेनगेल्ड म्हणतात. ती सरकारी खैरात नसून विम्याची रक्कम आहे, पगाराच्या २.६ टक्के वर्गणी कामगार आणि मालक निम्मीनिम्मी भरतात, आणि मागील ३० महिन्यांत किमान १२ महिने वर्गणी भरलेल्यास, नोकरी गेल्यावर, निव्वळ पगाराच्या ६० टक्के रक्कम ठरावीक मुदतीपर्यंत मिळते. ही व्यवस्था १९२७ च्या कायद्याने सुरू झाली आणि दोनच वर्षांत आलेल्या जागतिक महामंदीने तिचे कंबरडे मोडले, तो इतिहास बाबांना ठाऊक असेलच. घरात अपत्य असल्यास ६० ऐवजी ६७ टक्के मिळतात. ही तरतूद चिरंजीवांनी जेवताना सहज सांगितली, तेव्हापासून नात स्वतःस सात टक्के समजते आणि त्या हिशेबाने खाऊचे पैसे मागते.

आता कर्तव्यांविषयी. नोकरी जाणार हे कळताच, ती संपण्याच्या तीन महिने आधी, आणि त्याहून उशिरा कळल्यास तीन दिवसांच्या आत, कार्यालयाकडे नाव नोंदवावे लागते. त्यात हयगय झाल्यास एका आठवड्याची भत्ताबंदी होते. भत्ताबंदी म्हणजे हक्क असूनही ठरावीक काळ पैसे न मिळण्याची शिक्षा. कार्यालयाने ठरविलेली भेट चुकविल्यास एक आठवडा, स्वतःचे प्रयत्न पुरेसे नसल्यास दोन आठवडे, आणि सबळ कारणाशिवाय स्वतःहून राजीनामा दिला असल्यास बारा आठवडे, असे तिचे दर आहेत. ‘तिथे पटत नव्हते तर आपणच आधी सोडायची होती, निदान मान राहिला असता’ हा काकांचा सल्ला भावनिकदृष्ट्या थोर असला, तरी त्याची किंमत बारा आठवडे इतकी पडली असती.

प्रयत्नांचा पुरावा द्यावा लागतो. त्यासाठी चिरंजीवांनी एक तक्ता केला असून त्यात दिनांक, कंपनी, पद, अर्ज कोणत्या मार्गाने केला आणि त्याचे काय झाले, असे रकाने आहेत. शेवटचा रकाना बहुधा रिकामा राहतो. आईने सुचविलेली अथर्वशीर्षाची आवर्तने चालू आहेत, परंतु ती कोणत्या रकान्यात घालावीत याचा निर्णय न झाल्याने ती तूर्त तक्त्याबाहेर आहेत.

कोणती नोकरी नाकारता येते, हा या शास्त्रातील सर्वांत रसाळ भाग होय. पहिल्या तीन महिन्यांत जुन्या पगारापेक्षा २० टक्क्यांहून अधिक कमी पगाराची नोकरी नाकारता येते. पुढील तीन महिन्यांत ही सवलत ३० टक्क्यांवर जाते. आणि सातव्या महिन्यापासून हाती पडणारा पगार भत्त्यापेक्षा कमी नसला की पुरे, तो मुकाट्याने स्वीकारावा असे कायदा म्हणतो. स्थळे पाहताना सुरुवातीला ‘मुलगा इंजिनिअर, भोपाळमध्येच स्वतःचे घर, एकुलता एक’ असा आग्रह धरणारी मंडळी चार हंगामांनंतर ‘निर्व्यसनी असला म्हणजे झाले’ इथवर येतात, तो मनुष्यस्वभाव जर्मनांनी टक्केवारीसह कलमबद्ध केला आहे, इतकेच. पूर्ण वेळेच्या नोकरीसाठी जाण्यायेण्याचे मिळून अडीच तासही रास्त मानले जातात. त्या हिशेबाने साकेत नगरातील बेरोजगारास सीहोरची नोकरी नाकारता आली नसती.

बाबांचा प्रतिप्रश्न असा असणार, की नोंदणी तर भोपाळच्या रोजगार कार्यालयातही होते, मग एवढा बाऊ कशाचा. तुलना उद्बोधक आहे. भारतातील ही कार्यालये १९४५ मध्ये, महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांना कामे शोधून देण्यासाठी सुरू झाली. १९५९ च्या कायद्याने ठरावीक आस्थापनांना रिक्त जागा या कार्यालयांस कळविणे सक्तीचे केले, मात्र कळविल्यानंतर त्यांच्यामार्फतच माणूस घेतला पाहिजे असे बंधन त्या कायद्याने घातले नाही. परिणामी कार्यालयाकडे नावे साठत गेली, उमेदवार पंजीयनाचे नूतनीकरण करीत राहिले, आणि घरातल्यांना नोकऱ्या लागल्या त्या भेलच्या किंवा बँकेच्या स्वतंत्र परीक्षांतून. भोपाळमध्ये नाव नोंदविणाऱ्यास कार्यालय विसरते की काय अशी भीती असे. म्युनिकमध्ये नोंदविणाऱ्यास ते क्षणभरही विसरत नाही, ही खरी अडचण आहे.

महाराष्ट्राने हाच प्रश्न उलट्या बाजूने सोडविला, हे येथे नमूद करणे अगत्याचे वाटते, कारण त्याचे श्रेय वि. स. पागे यांचे आहे आणि पागे हा बाबांचा आवडता विषय. सांगली जिल्ह्यातील विसापूरच्या प्रयोगातून पुढे वाढलेली रोजगार हमी १९७७ च्या कायद्यात आली: मजुराने काम मागावयाचे, आणि पंधरा दिवसांत ते देता आले नाही तर शासनाने भत्ता द्यावयाचा. म्हणजे काम शोधण्याचा भार शासनावर, आणि ते न सापडल्याचा दंडही शासनास. मात्र ज्या २००५ च्या केंद्रीय कायद्याने हे तत्त्व देशभर नेले, त्यातही दिलेले काम न स्वीकारणारा किंवा परवानगीवाचून आठवड्याहून अधिक गैरहजर राहणारा मजूर तीन महिने भत्त्यास मुकतो, असे कलम होते. तीन महिने आणि बारा आठवडे यांत फारसे अंतर नाही, त्यामुळे दिल्ली आणि बर्लिन येथील मसुदाकारांचा माणसाविषयीचा संशय सारखाच असावा असे अनुमान निघते. कर्मचारी राज्य विमा महामंडळाची अटल बीमित व्यक्ति कल्याण योजनाही आहे; ती २०१८ पासून विमाधारकास आयुष्यात जास्तीत जास्त ९० दिवसांची मदत देते. चिरंजीवांच्या लहानपणीच्या मित्रांपैकी कोणाच्या ती उपयोगी पडत असेल, तर काकांनी हा मजकूर समूहात टाकावा, पागे यांचा परिच्छेद गाळला तरी चालेल.

संशयाची परिसीमा मात्र इंग्लंडने गाठली होती. तेथे १९२१ पासून १९३० पर्यंत अर्जदारास आपण खरोखर मनापासून काम शोधीत आहोत हे सिद्ध करावे लागे. गावात काम नाही हे सर्वांस माहीत असतानाही माणसे एका गिरणीच्या फाटकावरून दुसऱ्या फाटकावर नकार गोळा करीत हिंडत, आणि तरीही लाखो अर्ज फेटाळले गेले. त्या मानाने म्युनिकचा तक्ता सुसह्य आहे. नकार येथे घरबसल्या येतात.

मूळ मुद्दा रजेचा. वर सांगितलेल्या उपलब्धतेच्या अटीचा एक अर्थ असा, की कार्यालयाचे पत्र आल्यास त्याची दखल घेता येईल इतक्या जवळपास बेरोजगाराने राहावे. गावाबाहेर जावयाचे तर आधी मंजुरी घ्यावी लागते. ती वर्षाकाठी साधारण तीन आठवड्यांपुरती मिळते, आणि बेरोजगारीच्या पहिल्या तीन महिन्यांत तर केवळ अपवादात्मक कारणासाठी. चिरंजीव सध्या त्याच पहिल्या तीन महिन्यांत आहेत. चुलत बहीण ही बहीणच असते हे साकेत नगरात कोणी सिद्ध करा म्हणत नाही; म्युनिकमध्ये ते अपवादात्मक कारण म्हणून सिद्ध करण्यास चिरंजीव धजले नाहीत. विनापरवाना गेल्यास त्या दिवसांचा भत्ता जातो, आणि घेतला असल्यास परत करावा लागतो.

नातही येऊ शकत नाही, कारण बायर्नमध्ये शाळा सक्तीची असून सुट्टीबाहेर मुलास विवाहासाठी परदेशी नेणे हा स्वतंत्र परवानगीचा विषय आहे. उरल्या सूनबाई. त्यांना नोकरी आहे, आणि नोकरदारास येथे वर्षातून किमान चार आठवड्यांची भरपगारी रजा कायद्यानेच मिळते. तेव्हा तिघांच्या या कुटुंबात रिकामा वेळ फक्त त्या एकट्या कामकरी व्यक्तीकडे असून, त्याच विवाहास येत आहेत. आहेराची साडी त्या तेथेच न्यू मार्केटमध्ये घेतील.

त्या एकट्या येत असल्याने परतीच्या सामानाची वजनमर्यादाही एकाचीच राहील, हे काकूंनी लोणच्याच्या बरण्या भरताना ध्यानात घ्यावे. वडीलधाऱ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद. कळावे, लोभ असावा ही विनंती.