इच्छापत्र आणि आल्याचा चहा

गेल्या महिन्यात एका रविवारी, पोह्यांवर खोबरं भुरभुरलं जात असताना मी घरात जाहीर केलं की आता मी मृत्युपत्र करून टाकणार. बायकोचा हात वाटीतच राहिला. "सणासुदीचं काय हे अभद्र!" सण कुठलाच नव्हता. पण मरणाचा विषय निघाला की आमच्याकडे ताबडतोब सण येतो. चिरंजीवांनी मोबाइलमधून मान वर काढली. एरवी हे विकेट पडल्यावरच घडतं. सूनबाईंनी विचारलं, "बाबा, बरं वाटत नाहीये का?"

दुसऱ्या दिवसापासून माझ्या चहात आलं येऊ लागलं. पाच वर्षं मागत होतो. पाच वर्षं आलं एक तर महाग होतं, नाही तर संपलेलं होतं, नाही तर पित्ताला वाईट होतं. त्यामुळे कुठल्याही वकिलाआधी माझा फुकटचा सल्ला ऐका: मृत्युपत्र 'करणार आहे' असं रोज सांगावं, 'केलं' असं कधीही सांगू नये. 'करणार'मध्ये आलं असतं, 'केलं'मध्ये नुसता चहा.

बायकोने शेवटी तडजोड म्हणून 'इच्छापत्र' हा शब्द मंजूर केला. मलाही आवडला. एकाहत्तर वर्षांत या घरात माझ्या इच्छेला पहिल्यांदाच कागद मिळणार होता.

वकिलाकडे गेलो तर समजलं की यात अवघड असं काहीच नाही. कायदा 1925 चा. साधा कोरा कागद चालतो. स्टँप लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही (केली तर बरं), आणि आपली सही झाली की दोन साक्षीदारांच्या सह्या. डॉक्टरचा 'मनःस्थिती उत्तम' असा दाखला जोडलेला चांगला, म्हणजे पुढे कुणी 'म्हाताऱ्याला भ्रम झाला होता' म्हणून कोर्टात जायला नको. "डॉक्टरांना काय कळतंय," बायको म्हणाली, "दाखला माझ्याकडून घ्या." आणि मन बदललं तर मृत्युपत्र कितीही वेळा बदलता येतं, शेवटचं खरं. म्हणजे आलं बंद झालं तर त्याचीही तरतूद कायद्यात आहे.

अडचण आली साक्षीदारांची. बागेतल्या कट्ट्यावर विषय काढला तर दोघांनी तत्काळ हात वर केले. एकाचं वय ब्याऐंशी, दुसऱ्याची बायपास झालेली. वकील म्हणाले, "अहो, साक्षीदार तुमच्या मागे उरायला हवा." मी हे प्रामाणिकपणे कट्ट्यावर येऊन सांगितलं. दोघंही दोन आठवडे माझ्याशी बोलले नाहीत. ब्याऐंशीवाले तर तेव्हापासून बागेला तीन फेऱ्या जास्त मारतात, माझ्याकडे बघत.

मधल्या काळात चिरंजीवांचा एक मित्र घरी आला. "काका, मृत्युपत्राच्या भानगडीत कशाला पडता? बक्षीसपत्र करा. राहतं घर मुलाच्या नावावर करायला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क फक्त 200 रुपये!" खरं आहे, 2015 पासून आहे, नोंदणीचा खर्च वेगळा. ज्या फ्लॅटचे हप्ते मी वीस वर्षं भरले, तो आता मिसळीच्या दोन प्लेटींच्या भावात देता येतो, वर ताकसुद्धा नाही. फरक एवढाच की मृत्युपत्र मी मेल्यावर लागू होतं आणि बक्षीसपत्र मी जिवंत असताना. म्हणजे त्या सहीनंतर मी माझ्याच घरात पाहुणा. आणि पाहुण्याला आल्याचा चहा किती दिवस मिळतो, हे सगळ्यांना माहीत आहे.

शिरवाडकरांचं 'नटसम्राट' 1970 ला रंगभूमीवर आलं. अप्पा बेलवलकर पहिल्याच अंकात सगळं वाटून मोकळे होतात. पुढचं बघून आमच्या पिढीने नाट्यगृहं रडून ओली केली आणि घरी येऊन तेच केलं. सरकारला रडू आवरून कायदा करायला 37 वर्षं लागली. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्यातलं कलम 23 सांगतं की सांभाळण्याच्या अटीवर मिळकत दिली आणि घेणाऱ्याने सांभाळलं नाही, तर ते हस्तांतर रद्द करून घेता येतं. गोम 'अटीवर' या शब्दात आहे. अट कागदावर लिहिलेली बरी. पण पोटच्या मुलाला अट कशी घालायची? वकील म्हणाले, सगळे हेच विचारतात, आणि मग माझ्याकडेच परत येतात.

याच कायद्याखाली पोटगीही मागता येते. न्यायाधिकरण प्रांताधिकाऱ्यांचं, आणि पोटगी मिळते जास्तीत जास्त महिना 10,000 रुपये. ब्युरोची नुसती दिवसपाळीची बाई मुंबईत त्यापेक्षा जास्त घेते. म्हणजे कायद्याने म्हाताऱ्याला सांभाळता येतं, पण अर्धवेळ. उरलेल्या वेळात त्याने धडधाकट राहावं.

"पण बाबा, सोसायटीत नॉमिनी मीच आहे ना," चिरंजीव म्हणाले. या एका शब्दावर महाराष्ट्रातली अर्धी कुटुंबं निवांत झोपतात. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. लग्नात आहेराची पाकिटं पिशवीत धरून मामा उभा असतो, तसा नॉमिनी. पाकिटं त्याच्या हातात असतात, त्याची नसतात. बँकेच्या खात्याला 1 नोव्हेंबर 2025 पासून चार नॉमिनी लावता येतात. मी चारही नावं भरून टाकली. शेवटी खांदा द्यायलाही चारच लागतात.

एवढ्यापर्यंत मी मजेत होतो. मग वकिलांनी विचारलं, "वडिलोपार्जित काही आहे?"

आहे. चिपळूणजवळ थोडी जमीन. वडील मृत्युपत्र न करता गेले, त्यामुळे सातबाऱ्यावर वारस म्हणून आई, मी आणि धाकटी बहीण अशी तीन नावं लागली. 2005 साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका जन्मतःच हक्क देणारी दुरुस्ती झाली आणि गावोगावच्या भावांना बहिणींची एकदम आठवण येऊ लागली. मलाही आली. पुढच्या दिवाळीत भाऊबीज ओवाळून झाली, ताटात नेहमीपेक्षा जाड पाकीट पडलं, आणि दुय्यम निबंधकाचं कार्यालय उघडल्या दिवशी आम्ही हक्कसोडपत्र उरकलं. बहिणीने चष्मा आणला नव्हता. "कुठे सही करू, दादा?" एवढंच तिने विचारलं. मी बोट ठेवलं. येताना तिला नारायणपेठी घेऊन दिली, आणि ती किती उदार आहे हे दोन वर्षं नातेवाइकांना सांगत होतो. स्वतः किती उदार आहे, हे तिने कुणाला सांगितल्याचं मला आठवत नाही.

पुढे आई न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं. आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, मुलाची बारावी. कारणं सगळी खरी होती. आई शेवटची दोन वर्षं हक्क सोडलेल्या मुलीकडे राहिली. मी दरमहा पैसे पाठवायचो, डायपरचे खोकेही पाठवायचो, आणि मी दोनदा जाऊन आलो. दोन्ही वेळा आंब्याच्या दिवसांत. तिच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं होतं. लोक त्यात दुधाचा हिशेब लिहितात. तिने प्रत्येक चौकोनात बारीक अक्षरात लिहिलं होतं: 8 डावी, 10 उजवी, 12 डावी. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून आईला दर दोन तासांनी कुशीवर वळवल्याची ती नोंद. त्यामागे गेल्या वर्षीचंही होतं. मी त्याची पानं उलटून पाहिली. एकही चौकोन रिकामा नव्हता, दिवाळीचासुद्धा.

तर वकिलांना मी बाणेदारपणे सांगितलं, "लिहा, माझा फ्लॅट आधी बायकोला, आणि तिच्यानंतर जो आम्हाला सांभाळेल त्याला." ते हसले. "असं लिहू नका. मेल्यावर सांभाळणारे दहा जण उभे राहतात, पुराव्याला आल्याची बिलं घेऊन. नाव लिहा." मी पेन उघडलं. मुलगा? मुलगी? सून? कुणाच्या भिंतीवरच्या कालनिर्णयात माझी डावी-उजवी लिहिली जाणार आहे, ते मला सांगता येईना. कागद घडी घालून घरी आणला.

रात्री बायकोला म्हटलं, तूही तुझं करून टाक. दागिने आहेत, आईकडून आलेलं आहे.

"माझं झालंय," ती कुकरची शिट्टी काढत म्हणाली. "तीन वर्षं झाली."

"मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही कुठे विचारलंत? आणि सांगायचं नसतं ते."

साक्षीदार कोण, तर शेजारचा इंजिनिअर मुलगा आणि खालच्या मजल्यावरची डॉक्टरीण, दोघंही पस्तिशीच्या आतले. मंगळसूत्र मुलीला, गोठ सुनेला. आणि पाटल्या?

"पाटल्या वन्संना," ती म्हणाली, आणि भाताचा कुकर माझ्यापुढे ठेवला.

माझा कागद अजून कपाटात घडीचाच आहे. घरात विचारतात, झालं का? मी म्हणतो, करणार आहे. सध्या आलं चालू आहे.