जहागीर, ३६५ दिवसांची

नवशिक्याने सगळ्यात आधी एक गोष्ट मनाशी पक्की करावी: संगणकातलं ऑफिस आपल्या मालकीचं नाही. पूर्वी सीडी विकत आणली की ते वतन असायचं. एकदा पैसे मोजले की संगणक मोडेपर्यंत कुणी विचारायला येत नसे. आता बहुतेकांना मिळते ती जहागीर. वर्षाचा भरणा झाला तर पुढचं वर्ष, नाहीतर दाराला टाळं.

हा फरक ज्यांच्या लक्षात येत नाही त्यांनी बंगळुरातल्या आमच्या येलहंक्यात राहायला यावं. इथल्याच नाडप्रभू घराण्यातल्या केंपेगौडांनी १५३७ मध्ये बंगळूर वसवलं, पण वरची सनद विजयनगरची. परवानगीशिवाय स्वतःचं नाणं पाडलं म्हणून त्यांना आनेगुंदीला कैदेत टाकलं, अशी कथा इथे सांगतात. पुढे १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने त्यांच्या वंशजांकडून शहर घेतलं आणि ते शहाजीराजांना जहागीर म्हणून मिळालं. १६८७ मध्ये तीन लाख रुपयांत ते म्हैसूरच्या वडियारांकडे गेलं. शहर तेच, साइन-इन करणारा बदलत गेला.

आता प्रात्यक्षिक. सकाळी एक्सेल उघडावं आणि वर 'अनलायसन्स्ड प्रॉडक्ट' अशी अक्षरं दिसावीत. घाबरू नये. फाइल उघडते, वाचता येते, छापताही येते. फक्त बदलता येत नाही. मुलाच्या फ्लॅटमध्ये निवृत्त बापाला जेवढे अधिकार असतात, साधारण तेवढेच उरतात. या वेळी शेजारचा कुणीतरी 'सगळं काढून पुन्हा टाका' असा सल्ला देईल. त्याला चहा द्यावा, लॅपटॉप देऊ नये.

'फाइल'मध्ये जाऊन 'अकाउंट' उघडावं आणि तिथे कुणाचं नाव आहे ते वाचावं. हे कुणीच करत नाही. आमच्या सोसायटीच्या लॅपटॉपवर मी ते तिसऱ्या दिवशी वाचलं. नाव निघालं आधीच्या सेक्रेटरींचं, जे केव्हाच उद्यान एक्सप्रेसने पुण्याला गेले होते. मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या फॅमिली योजनेत सहा माणसं बसतात आणि प्रत्येकाला एका वेळी पाच उपकरणांवर साइन-इन करता येतं. यांच्या घरात माणसं पाच, म्हणून सहाव्या जागेवर मोठ्या मनाने त्यांनी सोसायटीला बसवलं होतं. मग मुलीचं लग्न झालं, जावई आला आणि सोसायटी कुटुंबाबाहेर गेली. जावयापुढे कुणाचं काय चालणार!

नाव बरोबर असूनही दार उघडत नसेल तर खातं कोणतं ते पाहावं. काही जुन्या ईमेल-पत्त्यांवर दोन खाती असतात: एक कामाचं किंवा शाळेचं, दुसरं खासगी. पासवर्ड एकाचा आणि वर्गणी दुसऱ्याची असली की पडदा 'तुमच्याकडे परवाना नाही' असं अगदी खरं बोलतो. पडदा विचारतो तेव्हा 'दोन्ही माझीच की' असं पुटपुटून वरचं बटण दाबू नये. दुसरं दाबून पाहावं.

मग येतो ओटीपी. खातं मुलाने उघडून दिलेलं असतं, म्हणून आकडे मुलाच्या फोनवर जातात आणि मुलगा मान्यता टेक पार्कमध्ये मीटिंगमध्ये असतो. तो बाहेर येईपर्यंत आकडे शिळे होतात. खात्यात पर्यायी नंबर म्हणून स्वतःचा फोन घालून ठेवावा. तो संकट नसताना घालायचा असतो, म्हणूनच राहून जातो. मदत केंद्राला फोन करायचाच असेल तर एअर इंडियाच्या नव्हे, 'एरो इंडिया'च्या तारखा पाहून करावा. १९९६ पासून इथल्या हवाई तळावर ते प्रदर्शन भरतं आणि विमानं डोक्यावरून जाताना पंचवीस अक्षरांची प्रॉडक्ट की समोरच्याला ऐकू जाणं अशक्य आहे.

कीवरून आठवलं. ते शून्य आहे की 'ओ', एक आहे की 'आय', यावर घरात वाद घालू नये. त्या पंचवीस अक्षरांत यांपैकी एकही नसतं. तसं काही दिसलं तर चष्मा पुसावा. आणि की एकदाच वापरायची. नंतर किंमत त्या कागदाला नाही, ज्या खात्यात ती घातली त्या खात्याला. लोक कागद लॉकरमध्ये ठेवतात आणि खात्याचं नाव विसरतात.

वर्गणी भरली होती, तरी बंद पडली? बँकेचे मेसेज चाळावेत. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे कार्डावरून आपोआप पैसे जाण्याआधी किमान २४ तास सूचना येते, आणि त्या वसुलीला एकदा आपली मंजुरी नोंदवावी लागते. जून २०२२ पासून १५,००० रुपयांपर्यंतच्या रकमेला दर वेळी ओटीपी लागत नाही, पण मूळ मंजुरीच नसेल तर पैसे हलत नाहीत. ही सूचना कर्जाच्या जाहिरातींच्या गर्दीत येते आणि आपण सगळंच एकदम पुसून टाकतो.

आमचा शेवटचा घोटाळा वेगळाच निघाला. लॅपटॉप दोन महिने सोसायटीच्या कचेरीतल्या कपाटात होता. खरं तर जहागीरदाराने दर महिन्याला एकदा तरी इंटरनेटला जोडून हजेरी लावायची असते. आम्ही लावली नव्हती. शिवाय बॅटरी पार उतरून घड्याळ काही वर्षं मागे गेलं होतं. सुरक्षित जोडणीच्या प्रमाणपत्रांवर तारखा असतात. संगणकाच्या हिशेबाने ती प्रमाणपत्रं अजून जन्मायचीच होती, म्हणून सर्व्हरशी बोलणंच होईना. मी तासभर पासवर्ड बदलत बसलो. दारावरचा वॉचमन मागून डोकावला आणि म्हणाला, "सार, डेट तप्पागिदे." तारीख चुकली आहे. तारीख नीट केल्यावर निदान साइन-इनचा पडदा तरी आला.

त्यावर आता ओटीपी मागितला आहे आणि मुलगा मीटिंगमध्ये आहे. दरम्यान छापता येतं म्हणून मार्चचा पाण्याच्या टँकरचा हिशेब छापून घेतला, एप्रिलचे आकडे खाली पेनाने लिहिले आणि कागद सूचनाफलकावर लावला. बेरीज दोनदा तपासली आहे.