पाँडेरोसाचा धुरा

अमेरिकन वेस्टर्न मालिकेत एक सूड पन्नास मिनिटांत उरकतो. सुरुवातीला एक माणूस मरतो, मध्ये घोडे धावतात, शेवटी दुसरा माणूस मरतो किंवा शहाणा होतो, आणि पुढच्या आठवड्यात सगळे नव्या भांडणाला मोकळे. यवतमाळ जिल्ह्यात पन्नास मिनिटांत कचेरीतला बाबू जागेवर आहे की चहाला गेला, एवढंच कळू शकतं. आमच्या मोठ्या बाबांचा धुऱ्याचा सूड माझ्या जन्माआधीपासून चालू आहे आणि अजून त्याचं मध्यंतरही झालेलं नाही.

धुरा म्हणजे दोन शेतांमधली हद्द. आमच्या धुऱ्यावर एक बाभूळ आहे, काही बोरी आहेत आणि एक दगड आहे, जो दर उन्हाळ्यात थोडा सरकतो. दगड आपणहून सरकतो यावर दोन्ही पक्षांचं एकमत आहे. वाद आहे तो दिशेचा. पलीकडच्या शेतकऱ्याचं नाव मोठे बाबा घेत नाहीत. तो फक्त ‘धुरेकरी’. तोही यांना धुरेकरीच म्हणतो, त्यामुळे तिसऱ्या माणसाला दोघांच्या तक्रारी ऐकताना एकच माणूस स्वतःवर दात खाऊन आहे असं वाटतं.

मला या जुन्या वेस्टर्न मालिकांचं व्यसन आहे. यंदा हिवाळ्यात गावी गेलो, पुतण्याने मोबाइल टीव्हीला जोडून दिला आणि मी मोठ्या बाबांना ‘बोनान्झा’ लावून दिलं. 1959 ते 1973 अशी चौदा वर्षं ही मालिका अमेरिकेत चालली. भाग निवडला सूडाचाच, ‘व्हेन्जन्स’, 11 फेब्रुवारी 1961 रोजी दाखवलेला. हॉस कार्टराइट नावाच्या धिप्पाड पण मऊ मनाच्या माणसाच्या हातून नकळत एक दारुडा मरतो आणि त्याचा भाऊ सूड घ्यायला निघतो. दुभाषा मी.

पहिल्याच मिनिटाला अडलं. ‘बोनान्झा’ची सुरुवात अशी: कार्टराइटांच्या पाँडेरोसा नावाच्या इस्टेटीचा नकाशा पडद्यावर येतो, मधोमध पेट घेतो आणि जळत्या भोकातून चौघे बापलेक घोड्यांवरून दौडत येतात.

“थांबव,” मोठे बाबा ओरडले. “नकाशा जायला!”

“ते नुसतं सुरुवातीला दाखवतात, मोठे बाबा.”

“अबे, मोजनीचा नकाशा जायला त्यायनं! आता हद्द कोन सांगंन?”

मोजणीचा नकाशा हाती पडायला ज्याने उमेदीची वर्षं घालवली त्याच्या डोळ्यांदेखत असा नकाशा दर आठवड्याला जाळायचा म्हणजे क्रौर्यच. त्यांना धीर द्यावा म्हणून मी सांगितलं, की तो नकाशा तसाही चुकीचा होता. रॉबर्ट टेंपल एअर्स या चित्रकाराने काढलेल्या त्या नकाशात उत्तर दिशा वर नव्हती. मालिकेचा निर्माता डेव्हिड डॉर्टॉर्ट याने ते दाखवून दिल्यावर एअर्सने नकाशा बदलला नाही, फक्त त्यातला दिशा दाखवणारा बाण वाकडा करून दिला. मोठे बाबा एकदम शांत झाले. “म्हंजे मोजनीवाले तिकडंबी हायेत,” असं म्हणून त्यांनी पाय पसरले.

मग कुटुंबाची ओळख. बेन कार्टराइटची तीन लग्नं झाली, तिन्ही बायका वारल्या, तिघींचा एकेक मुलगा, आणि तिघेही बापाजवळ एकत्र राहतात. जमीन साधारण हजार चौरस मैल, म्हणजे सहा लाखांवर एकर. आपल्या जिल्ह्याचा जवळपास पाचवा हिस्सा.

मोठे बाबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “तीन मायचे तीन पोरं, सहा लाख एकर, अन् वाटनी कोनीच नाई मांगत?”

“नाही.”

“खोटं हाय हे.”

बंदुकीच्या एका गोळीत तीन माणसं पडतात, तिथे त्यांची हरकत नव्हती. हे मात्र त्यांना पटेना. त्यांच्या मते त्या घरातला खरा सूड अजून सुरू व्हायचाच होता. बाप डोळे मिटेल, फेरफाराला नोटीस निघेल आणि मग चौदा वर्षं काय, चाळीस वर्षं पुरेल एवढी मालिका निघेल. शिवाय कमाल जमीन धारणेचं काय? हा भाग दाखवला त्याच 1961 साली महाराष्ट्राने तो कायदा केला. महसूलमंत्री होते आपल्या पुसदकडचे वसंतराव नाईक. पुढे दुरुस्ती होऊन कोरडवाहूची मर्यादा 54 एकरांवर आली. कार्टराइट पुसद तालुक्यात जन्मले असते तर घोड्यावर बसल्यापासून धुऱ्यावर पोचेपर्यंत घोड्याला घामही आला नसता.

खरं तर वेस्टर्नमधली कितीतरी भांडणं मुळात धुऱ्याचीच आहेत. 1874 साली इलिनॉयमधल्या जोसेफ ग्लिडन नावाच्या शेतकऱ्याने काटेरी तारेचं पेटंट घेतलं आणि बघता बघता मोकळ्या कुरणांत तारा उभ्या राहिल्या. गुरं पाण्यापर्यंत पोचेनात. टेक्ससमध्ये 1883 च्या दुष्काळात टोळ्या रात्री तारा तोडत फिरल्या, माणसं मेली आणि पुढच्या वर्षी तार तोडणं हा गंभीर गुन्हा ठरवणारा कायदा आला. हे सांगितल्यावर मोठ्या बाबांनी विचारलं, “तिकडं मामलेदार कोर्टाचं कलम 5 नाई लागत काय?” त्यांना हनुमान चालिसा अर्धी येते, पण 1906 च्या मामलेदार न्यायालय कायद्याचं कलम 5 आणि 1966 च्या जमीन महसूल संहितेचं कलम 143 ही दोन्ही झोपेतून उठवलं तरी येतात. एक अडवलेल्या रस्त्याचं, दुसरं धुऱ्यावरून रस्ता मिळवण्याचं. त्यांच्या कमरेला पिस्तूल नाही, पण बंडीच्या खिशातली पिशवी उघडली की समोरचा तलाठी एक पाऊल मागे सरतो.

दारुडा मेला तेव्हा त्यांनी विचारलं, “पंचनामा?” नाही झाला. “ठानेदार काय करून रायला?” उभा आहे. “याचा वकील कोन?” वकील नाही. “मंग हा गेला कामातून,” ते म्हणाले आणि हॉसवरचं त्यांचं लक्षच उडालं. दारूच्या गुत्त्यावर मात्र रेंगाळले. वेस्टर्नमधला गुन्हेगार नदी ओलांडून मेक्सिकोत पळतो. आमच्याकडे वर्धा नदीच्या पलीकडे 1974 पासून दारूबंदी आहे, त्यामुळे तिकडचा तहानलेला माणूस नदी ओलांडून आमच्या बाजूला येतो आणि रात्री गाणी म्हणत परत जातो. त्याच्यामागे घोडेस्वार कोणी लावत नाही.

घोड्यांचा आणि आमचा तसा संबंध कमीच. वेस्टर्नमध्ये आगगाडी लुटायला भरधाव घोडा लागतो. आमच्या गावाजवळून शकुंतला जायची, मूर्तिजापूर ते यवतमाळ 113 किलोमीटरची नॅरोगेज. तिचं वाफेचं इंजिन 1921 साली मँचेस्टरला बनलेलं. ते 1923 ते 1994 पर्यंत तिने वापरलं. ती लुटायला घोडा कशाला, अनवाणी माणूसही पुरला असता. अडचण पुढची होती. लुटून न्यायचं काय? कापसाची गठाण, 170 किलोची. ती पाठीवर टाकून डोंगरात पळणारा दरोडेखोर अजून जन्माला यायचा आहे. आता गाडी बंद आहे, त्यामुळे तोही धंदा बसला.

‘शोले’ मात्र मोठ्या बाबांनी तरुणपणी यवतमाळला जाऊन पाहिलेला. त्यांच्या लेखी तो सिनेमा ठाकूरच्या चुकांची यादी आहे. भाड्याने माणसं आणली ही पहिली. आपला सूड मजुराकडून कोणी करवून घेतं का? मी त्यांना सांगितलं, की 1975 साली चित्रपट लागण्याआधी सेन्सॉरने शेवट बदलायला लावला. मूळ शेवटात ठाकूर खिळ्यांच्या बुटांनी गब्बरला मारतो. आणीबाणीचे दिवस, कायदा हातात घेतलेला कसा चालेल, म्हणून ऐन वेळी पोलीस आणून उभे केले. मूळ शेवट जोडलेली प्रत 2025 साली इटलीतल्या बोलोन्याच्या महोत्सवात दाखवली.

“पन्नास वर्षांनी निकाल लागला म्हन्ते?” मोठ्या बाबांचा चेहरा उजळला. “लागते. लागते निकाल.”

आमच्याकडे समोरासमोरचा सामना नाहीच असं मात्र कोणी समजू नये. तो पोळ्याला होतो. आखरावर आंब्याच्या पानांचं तोरण, त्याखाली दोन्ही बाजूंनी सजवलेल्या बैलजोड्या, शिंगांना बेगड, पाठीवर झूल. मध्ये रस्ता मोकळा. गाव कडेला उभं. मग एका बाजूने एक माणूस पुढे होतो, हात वर करतो आणि झडती फेकतो. झडती म्हणजे यमकात बांधलेली शिवी. ऐकणाऱ्याला राग यायच्या आधी हसू येतं, आणि तीच तिची धार. शेवटी महादेवाच्या नावाचा गजर, ढोल, आणि आता पाळी समोरच्याची. वेस्टर्नमध्ये भर दुपारी रस्त्यात दोन माणसं अशीच उभी राहतात, फक्त त्यांना यमक सुचत नाही म्हणून ते गोळी झाडतात.

एका पोळ्याला मोठ्या बाबांनी धुरेकऱ्याच्या बैलावर झडती टाकली. मथितार्थ असा, की त्या बैलाच्या बरगड्यांवरून शाळेतली पोरं पाढे शिकतात आणि तो कडब्यापेक्षा आमच्या धुऱ्यावरच्या गवतावरच जगतो. गाव हसलं. धुरेकरी शांत उभा होता. त्याने उत्तरात दगडाला नवस बोलून दरवर्षी चालायला लावणाऱ्या भक्ताची झडती म्हटली. गाव जास्त हसलं. हा घाव अजून भरलेला नाही. पण खरा वार संध्याकाळी झाला. पोळा फुटल्यावर बैल घरोघरी पूजेला नेतात आणि घरधनी बोजारा म्हणून काही पैसे देतो. आमची जोडी धुरेकऱ्याच्या दारी गेली. त्याने पाय धुतले, ओवाळलं, पुरणपोळी चारली आणि बोजारा दिला गावात कोणी देत नाही एवढा. मोठे बाबा रात्रभर जागे होते. पुढच्या पोळ्याला त्याहून जास्त द्यायचा म्हणून त्या वर्षी एक क्विंटल कापूस वेगळा ठेवावा लागला.

तारखेला दोघे एकाच एसटीने जातात. जो आधी चढतो तो दुसऱ्याची जागा धरतो, कारण तो आलाच नाही तर पुढची तारीख पडते आणि दिवसाची मजुरी फुकट. मोठे बाबा तिकडे वैर सांगतात आणि इकडे त्याच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची वेळ लक्षात ठेवतात.

भाग तीन चतुर्थांश झाला असेल. मेलेल्याचा भाऊ पेटलेला, हॉस संकटात, संगीत वाढत चाललेलं. आणि रात्रीची लाईन आली. हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं. मोठे बाबा उठले, कानटोपी घातली, बॅटरी घेतली आणि फोन लावला.

“लाईन आली. ऊठ. अन् काठी घेऊन ये.”

“कोणाला फोन?” मी विचारलं.

“धुरेकऱ्याले. एकट्यानं जाऊ नये रातच्याला. वाघाचं कानावर आलं हाय.” दारापर्यंत जाऊन ते वळले. “त्याले वाघानं नेलं तं मी खटला कोनावर चालवू?”

दुसऱ्या दिवशी सकाळी धुरेकरी आमच्या ओसरीवर. मोठे बाबा आंघोळीला गेलेले. रात्रभर पाणी देता देता त्यांनी याला सगळी गोष्ट सांगितली होती, अर्थातच हॉसच्या बाजूने. “हे एकतर्फी झालं,” धुरेकरी म्हणाला. “मलेबी दाखवा.” दाखवलं. त्याने पहिल्यापासून मेलेल्याच्या भावाची बाजू घेतली. माणूस त्याचा गेला, सहा लाख एकरवाल्यांचं काय जातं? तेवढ्यात मोठे बाबा ओल्या डोक्याने बाहेर आले आणि नेमक्या त्याच जागी त्यांनी भाग थांबवायला लावला. त्यांचं म्हणणं, विरुद्ध पक्षाला आधी शेवट दाखवू नये. धुरेकऱ्याचं म्हणणं, दाखवायचाच तर दोघांसमोर दाखवा, पण दुभाषा बदला, हा त्यांचा पुतण्या आहे.

इंग्रजी येणारा, दोघांपैकी कोणाच्याही नात्यात नसलेला आणि कोणाकडूनही उसने पैसे न घेतलेला माणूस गावात शोधणं चालू आहे. तोवर मोबाइल आईजवळ ठेवलाय.