विमानकाका

नागपूरच्या प्रताप नगरात गल्लीगल्लीत एक विमानकाका असतो. सिंचन खात्यातून नाहीतर बँकेतून निवृत्त, लेक कॅलिफोर्नियात, आणि मोबाइलमध्ये उडतं विमान दाखवणारं ॲप. सोनेगावचा विमानतळ जवळच. आकाशात घरघर झाली की काकांची मान वर, चष्मा खाली. ‘मुंबईचं आहे. पाच मिनिटं लेट येऊन राहिलं.’ मुंबई हवेतून सुमारे ६८० किलोमीटर आणि समृद्धी महामार्गाने ७०१, हे ते भाजीवाल्यालाही ऐकवतात. तो मान डोलावतो; मागची उधारी यायची असते.

तुम्ही सहज म्हणता, ‘भाचा अमेरिकेला चालला.’ झालं! ‘अमेरिकेत कुठं? अमेरिका म्हणजे का धरमपेठ आहे, निघालं अन् पोचलं?’ सॅन फ्रान्सिस्को म्हटलंत तर काका खुर्चीच पुढे ओढतात. काकूंच्या शिवणाच्या डब्यातलं रीळ येतं, पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणला जातो आणि भिंतीवरच्या नकाशातली सरळ रेघ कशी फसवी, हे सिद्ध होतं. चहा निवतो. मग २०१६चा किस्सा. त्या ऑक्टोबरात एअर इंडियाने दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारं विमान अटलांटिक सोडून पॅसिफिकवरून नेलं. वाट सुमारे १,४०० किलोमीटरने वाढून १५,३०० झाली, वेळ मात्र दोनेक तासांनी घटून साडेचौदा तासांवर आला. ‘वारं पाठीशी होतं ना जी! अंतर काय विचारता, वारं विचारा.’ हे वाक्य ते लग्नाच्या मांडवातही म्हणतात. खात्यात बढती का हुकली, याचं उत्तरही त्यांनी त्यातच शोधलं असावं.

फारच रंगले तर १९४९. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास अशा चारी दिशांहून टपालाची विमानं रात्री नागपुरात जमायची, थैल्यांची अदलाबदल करून आपापल्या गावी परतायची. ‘अख्खा देश मध्यरात्री आपल्या दारात यायचा!’ थैल्या स्वतः वाहिल्यासारखा आवाज. काकांचा जन्म त्यानंतरचा.

एवढ्या हिशेबात एकच अंतर बसत नाही: घर ते सोनेगाव. लेक दोहामार्गे येते, मध्यरात्र उलटल्यावर उतरते. दोहा ते नागपूर सुमारे २,८०० किलोमीटर, चारेक तास, काकांना तोंडपाठ. तरी रात्री साडेनवालाच मफलर गुंडाळून ते फाटकाशी उभे. ‘ट्रॅफिक लागलं तं?’ काकू काही बोलत नाहीत, पोळ्यांचा डबा देतात. काका विमानतळावर पोचतात तेव्हा विमानाने दोहादेखील सोडलेलं नसतं.

प्रताप नगरात घर बघत असाल तर खुशाल घ्या, शेजार चांगला आहे. फक्त परगावी निघताना कुणी विचारलं तर एसटीने चाललो म्हणून सांगा. एसटीच्या वेळापत्रकात काकांना अजिबात रस नाही.