पोटाची चरबी, हाताला औषध

– वहिनी, ऐकलंत का? आमच्या वन्संच्या सुनेच्या हातावर उकळतं तेल उडालं होतं ना, तिचं परवा ऑपरेशन झालं.

– अगंबाई! ती जखम अजून भरली नाही?

– जखम केव्हाच भरली हो, पण व्रण राहिला ना! मनगटापासून कोपरापर्यंत कातडी ताठ, गाठाळ. पोळ्या लाटताना ओढ बसायची आणि रात्री खाज सुटायची ती वेगळीच. सिलिकॉनच्या पट्ट्या झाल्या, ती घट्ट प्रेशरची बाही झाली. शेवटी सर्जनने तिच्याच पोटाची चरबी काढली आणि व्रणाखाली टोचली!

– काहीतरीच तुमचं! चरबी टोचतात होय?

– मीही भाच्याला हेच म्हटलं, तो मेडिकलला आहे ना. बोथट नळीने चरबी ओढतात आणि यंत्रात गरगर फिरवतात. तेल वर येतं, रक्त-पाणी खाली बसतं, मधली चरबी तेवढी घ्यायची. तीही थेंबाथेंबाने सोडायची, कारण एकदम गोळा भरला तर आतल्या पेशींना रक्त पोचत नाही, त्या मरतात.

– हे नवीनच खूळ निघालंय.

– नवीन कसलं? 1893 मध्ये जर्मनीत नॉयबर नावाच्या डॉक्टरने दंडाची चरबी चेहऱ्यावरच्या खड्ड्यात भरली होती. पण भरलेली चरबी टिकेल याचा भरवसा नसे. मग न्यूयॉर्कच्या कोलमनने 1990च्या दशकात ही थेंबाथेंबाची रीत बसवली. 2008 मध्ये मिलानच्या डॉक्टरांनी चेहरा भाजलेल्या तिघांवर करून पाहिली, तर व्रण मऊ पडले म्हणे. चरबीत मूळ पेशी असतात, त्यांचा हा गुण असावा असं मानतात.

– मग माझी घ्या म्हणावं, हवी तेवढी! सासूची नाही का चालत?

– नाही हो, ज्याची त्यालाच लागते. परक्याची शरीर ठेवून घेत नाही. आणि पोट उतरेल या आशेवर राहू नका, थोडीशीच काढतात. उलट तिचं पोट काळंनिळं पडलंय, पट्टा बांधून बसलीय बिचारी.

– एवढं सोसून डाग तरी गेला का?

– डाग कुठला जातोय! सर्जनने आधीच बजावलं होतं. शिवाय टोचलेल्यातली बरीचशी चरबी शरीर जिरवून टाकतं, म्हणून पुन्हा एकदा करावं लागेल. आणि सगळ्यांनाच गुण येतो असंही नाही. अमेरिकेत भाजलेल्या मुलांच्या व्रणात एकीकडे चरबी, दुसरीकडे नुसतं सलाइन टोचून पाहिलं. 2017 मध्ये छापून आलं, दिसण्यात काही फरक पडला नाही. मुलं आठच होती, म्हणून भाचा म्हणतो, पक्कं बोलायला अजून मोठे अभ्यास हवेत.

– मग कशाला करायचं ते? पुढच्या महिन्यात त्यांच्याकडे लग्न आहे ना!

– अहो, डाग आपल्याला खुपतो. तिला खाज खुपते. मनगट नीट वळावं, रात्रीची झोप लागावी, एवढंच तिचं मागणं. लग्नात ती अर्ध्या बाह्यांचंच ब्लाउज घालणार आहे.

– अय्या! आणि कुणी विचारलं तर?

– तुम्ही सोडून कोण विचारणार, वहिनी?